खंडेनवमीला धुतलेली रंगपेटी

“पाच मिनिटं, मिस फेनविक! पाचच मिनिटं!”

रंगपटाच्या भिंतीवरच्या कर्ण्यातून हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, त्याला आता सदुसष्ट वर्षं झाली. बाहेर समुद्र होता, बोचरी थंडी होती, आणि आरशासमोर सतरा वर्षांची एक मुलगी घाईघाईनं गालाला रंग लावत होती. बोट पुसायला तिला काही सापडेना, म्हणून तिनं ते माझ्या कडेला पुसलं आणि ती धावत गेली. त्या गुलाबी बोटानं मला जन्म दिला, असं मी मानते. त्याआधी मी नुसता पत्रा होते.

मित्रांनो, मी एका इंग्रज नटीची रंगपेटी. हातभर लांब, वीतभर रुंद. झाकणावर कधीकाळी दोन हरणं होती. आता एकच उरलंय, त्यालाही पाय नाहीत. इंग्लंडच्या उत्तरेला एका कारखान्यात टॉफी भरण्यासाठी मला घडवलं. टॉफी संपली, मुलांनी बोटं चाटली, आणि मी ओट्सबाईंच्या हाती आले. ओट्सबाई एका नाटकमंडळीत कपडेपट सांभाळायच्या. त्यांनी मला त्या नव्या मुलीपुढे, हिल्डा फेनविकपुढे ठेवलं आणि बजावलं, “पोरी, हिच्यात रंग ठेव, कापूस ठेव, जागा उरली तर सँडविच ठेव. पण हिला कधी धुऊ नकोस. रंगपेटी स्वच्छ केली की नटाचं काम सुटतं. कायमचं.”

“आणि मुंग्या झाल्या तर?”

“त्यांनाही काम देऊ एखादं.”

हसू नका. आपल्याकडे नट रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी फळीला हात लावून कपाळाला लावतो ना, तसंच हे. इंग्रज नटमंडळींत ही समजूत फार जुनी. हिल्डानं ती साठ वर्षं पाळली.

मंडळी दर आठवड्याला नवं नाटक करायची. सकाळी पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं, संध्याकाळी या आठवड्याचं करायचं. राणीचा लाल माझ्या तळाला, भिकारणीची राख माझ्या कडेला, विधवेचं काजळ माझ्या कोपऱ्याला, थरावर थर बसत गेले. हिल्डाची स्मरणशक्ती तर मंडळीत गाजली होती. समोरचा नट वाक्य विसरला तर ती त्याचंच वाक्य प्रश्न करून त्याच्या तोंडी द्यायची. “म्हणजे काल तुम्ही लंडनला गेला होतात म्हणता?” असं. बिचारा घाम पुसत “हो, हो, लंडनला” म्हणायचा आणि गाडी पुढे जायची. स्वतः हिल्डा मात्र कधी अडखळली नाही. तिचा सगळा अभिमान तिथे होता. रूप ओसरतं, आवाज बसतो, पण वाक्य माझं आहे, असं ती म्हणायची.

मग लंडनची मोठी नाट्यगृहं आली, आणि एके दिवशी दूरदर्शन आलं. एका मालिकेत तिला नर्सची भूमिका मिळाली. सायकलवरून खेडोपाडी फिरणारी सिस्टर डॉली! अकरा वर्षं ती सायकल चालली. दुकानात बायका हिल्डाला आपले चामखीळ दाखवायच्या. बसमध्ये एका म्हाताऱ्यानं तर पायमोजाच काढला. मी तिच्या मांडीवर होते, म्हणून सांगते.

पण लिहिणारे बदलले. एका गुरुवारी त्यांनी सिस्टर डॉलीला सायकलसकट कालव्यात ढकललं. देशभरातून फुलं आली, पत्रं आली. काम मात्र आलं नाही. त्यानंतर दार उघडून “साहेब घरी नाहीत” म्हणणारी बाई, सूपच्या जाहिरातीतली आजी, दोनदा प्रेत. प्रेताला रंग फार लागतो, एवढंच माझं समाधान.

हिल्डाचा नवरा केव्हाच वेगळा झाला होता. एकुलता एक मुलगा, एड्रियन, रंगपटातल्या खुर्च्यांखाली खेळत वाढला आणि नाटकाला कंटाळून जहाजांचा इंजिनियर झाला. नोकरीसाठी तो सिंगापूरला आला. तिथे त्याला विनीता भेटली. पुण्याची, बँकेत काम करणारी, बोलकी, भराभर चालणारी. लग्न झालं, अनुया झाली. हिल्डाचा खुबा मोडला तेव्हा सत्तर वर्षांच्या आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून एड्रियननं तिला सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये आणलं. माझ्यासकट.

घरात इंग्रजीच चाले. पण विनीता दर रविवारी आईशी तासभर फोनवर बोलायची, आणि मी चौदा वर्षं ते ऐकलं. म्हणून हे तुम्हाला मराठीत सांगू शकते आहे.

पहिली वर्षं फार गोड होती. इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, कोपी म्हणजे तिथली कॉफी विकणाऱ्या अंकलनं हिल्डाला पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्यांनी सिस्टर डॉलीची मालिका पूर्वी पाहिली होती. बोलताना वाक्याला ‘लाह’चं शेपूट लावायची तिथली रीत.

“ए, तुम्ही ती नर्स ना? पण तुम्ही तर मेलात, लाह!”

“मेले खरी,” हिल्डा म्हणाली. “म्हणून कोपीत साखर कमी घाला.”

सत्तरीतही हिल्डा काम शोधत होती. गावातली एक छोटी नाटकमंडळी तिला आजीच्या, भुताच्या भूमिका द्यायची. पाठांतराला विनीता बसायची. बँकेतून येऊन, कुकर लावून, ओल्या हातानं संहिता धरून ती बाकी सगळ्यांची वाक्यं वाचायची.

“विनीता, तू पोलीस इन्स्पेक्टर आहेस. खातं उघडायला आलेल्या माणसाशी बोलल्यासारखी बोलू नकोस.”

“मग काय ओरडू? शेजारचे मिस्टर टॅन खरे पोलीस बोलावतील, हिल्डाआई.”

दोघी हसून लोळायच्या. सासू-सुनांचं असं हसणं मी दुसरं पाहिलं नाही.

आणि मग हिल्डा एकटीनंच पाठ करू लागली. “आता सरावाची गरज नाही मला,” असं तिनं विनीताला हसत सांगितलं. खरं काय ते मला माहीत होतं. छोट्या मंडळीच्या एका प्रयोगात तिचं वाक्य हरवलं होतं. पुढच्या प्रयोगात दोन हरवली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिनं खोकला काढला. घरी येऊन तिनं दार लावलं, कागदाच्या बोटभर चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर वाक्यं लिहिली आणि माझ्या झाकणाला आतून चिकटवल्या. रंगाच्या बोटांनी त्या तेलकट झाल्या, काळपट झाल्या. वर्षभर ती त्या चिठ्ठ्यांच्या आधारानं उभी राहिली. हे कुणाला ठाऊक? तिला, आणि मला.

त्याच दिवसांत लंडनहून मोठं काम आलं. एक मालिका सिंगापूरमध्ये चित्रित होणार होती, आणि तीत हिल्डाला खरीखुरी भूमिका होती. नाव असलेली बाई, नऊ प्रसंग! वीस वर्षांनी असं घडत होतं. चित्रीकरण दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सुरू होणार होतं.

आता खंडेनवमीचं सांगते.

खंडेनवमीला मराठी घरात हत्यारांची पूजा होते. ज्याच्यावर पोट चालतं, ते घासूनपुसून पाटावर ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे. विनीतानं पाटावर आपला लॅपटॉप ठेवला, एड्रियनचा मोठा पाना ठेवला, नऊ वर्षांच्या अनुयाची कंपासपेटी ठेवली. मग तिला वाटलं, या घरातलं सगळ्यात जुनं हत्यार तर आत आहे. हिल्डा खाली फिरायला गेली होती. विनीतानं मला उचललं.

मित्रांनो, तिच्या हातात वाईट काही नव्हतं. ऊन पाणी होतं, भांड्यांचा साबण होता, जुना टूथब्रश होता. आईकडून शिकलेली चाल धरून ती मनानं जुळवलेली ओवी म्हणत होती:

सासूबाईंची गं पेटी, ऊन पाण्यानं न्हाणिली,
हात जोडिते कामाला, वर शेवंती वाहिली.

आणि मी तिच्या हातात मरत होते. राणीचा लाल गेला. विधवेचं काजळ गेलं. ओट्सबाईंच्या अंगठ्याचा ठसा गेला. झाकणाच्या आतले तेलकट कागद तिनं बोथट सुरीनं खरवडले आणि न वाचता केराच्या डब्यात टाकले. वाचण्यासारखं काही त्यांत दिसतही नव्हतं. साठ वर्षांनी मी पुन्हा पत्रा झाले. लखलखीत पत्रा.

हिल्डा परत आली. दारातच थबकली. पाटाच्या मध्यभागी मी, माझ्यावर पिवळी शेवंती, आणि समोर हात जोडलेली सून.

“बघा ना, हिल्डाआई! कसली चमकतेय!”

हिल्डाचा चेहरा मी समोरून पाहत होते. क्षणभर त्याच्यावर काहीच नव्हतं. मग हसू आलं. तिच्या सबंध आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम होतं, आणि तिनं ते चोख केलं.

“किती प्रेमानं केलंस, विनीता.”

दुपारी तिनं दार लावलं, नव्या चिठ्ठ्या कापल्या आणि माझ्या उघड्या झाकणाला लावल्या. म्हणजे विनीतानं जे पुसलं, ते हिल्डानं पुन्हा लिहून घेतलं होतं. हे लक्षात ठेवा. चिठ्ठ्या गेल्या म्हणून काही बिघडलं नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी ती मला पिशवीतून घेऊन गेली. एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात दिवे लावले होते. वाक्य सोपं होतं: “त्याचं पत्र आलं तेव्हा मी झाडांना पाणी घालत होते.” पहिल्यांदा ती पत्रापाशी थांबली. दुसऱ्यांदा झाडांपाशी. मग दर खेपेला खुर्चीशी यायची, झाकण उघडायची, वाचायची, जायची आणि रिकामी उभी राहायची. चौदा वेळा. नुसतं वाक्यच जात होतं असं नाही. आपण आत्ताच ते वाचून आलो, हेही ती मधे विसरत होती. तरुण दिग्दर्शक जवळ येऊन, गुडघ्यावर बसून, फार मऊपणे म्हणाला, “थँक यू, हिल्डा. फारच सुंदर.” ज्याला घरी पाठवायचं असतं त्याला काय म्हणतात, ते तिला साठ वर्षांपासून माहीत होतं.

त्या संध्याकाळी जेवताना एड्रियननं सहज विचारलं, “मम, कसं झालं काम?”

हिल्डानं काटा खाली ठेवला. बोटानं विनीताकडे दाखवलं. “तुझ्या बायकोला विचार. तिनं माझी पेटी धुतली. त्या दिवशीच माझं काम धुऊन गेलं.”

मग तिनं ओट्सबाईंपासून सगळं सांगितलं. फक्त चिठ्ठ्यांचं सांगितलं नाही.

“मला माहीत नव्हतं हो,” विनीता म्हणाली. “मला खरंच माहीत नव्हतं.” आणि ती पोळ्या वाढत राहिली. कुणीही घेत नव्हतं, तरी वाढत राहिली.

विनीता शिकलेली बाई. पेटी धुतल्यानं काम जातं यावर तिचा विश्वास नव्हता. पण माणसाचा धीर खचला की माणूस विसरतो, एवढं तिला कळत होतं. आणि तो धीर आपण खचवला, असं तिनं मनाशी धरलं. पुढे डॉक्टरांनी हिल्डाच्या विसरण्याला आजाराचं नाव दिलं, तेव्हा विनीतानं एकच विचारलं, “धक्क्यानं होतं का असं?” डॉक्टर म्हणाले, “धक्का बसला तर वाढू शकतं.” ते ‘नाही’ म्हणतील या आशेनं तिनं विचारलं होतं. घरी येताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ती दोन स्टेशनं पुढे गेली, हे तिनं रविवारी आईला फोनवर सांगितलं.

त्यानंतर तिनं खंडेनवमी बंद केली. ओवी बंद केली. एकदा मात्र तिनं एक वेडं काम केलं. इंग्लंडहून जुन्या पद्धतीच्या तेलकट रंगाच्या कांड्या मागवल्या, आणि घरात कुणी नसताना ते रंग बोटानं माझ्या कोपऱ्यांत चोळले. लाल, काळा, करडा. मला पुन्हा मळवू पाहत होती ती! चोळता चोळता रडायला लागली. तो रंग माझ्यावर आजही आहे. पण त्याला कुणाचा गाल लागलेला नाही.

सात वर्षं गेली. एड्रियन जहाजांच्या कामावर महिनोन् महिने परदेशी असायचा. हिल्डाला न्हाऊ घालणं, भरवणं, ती दार उघडून लिफ्टपाशी गेली की परत आणणं, सगळं विनीताच करायची. मी कपाटावर धूळ खात होते. दमट हवेनं माझ्या बिजागऱ्या गंजल्या. धुळीचं मला दुःख नाही. दुःख होतं ते दुसरं. विनीता निर्दोष आहे, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. त्यातली मी मुकी. आणि हिल्डा दिवसादिवसानं रिकामी होत चालली होती. आधी शेजारी आठवणीतून गेले, मग महिने गेले, मग अनुयाचं नाव गेलं. ती एक गोष्ट कधी जाईल याचा नेम नव्हता. ती गेली की विनीतानं जन्मभर ते ओझं वाहायचं, आणि ते काढून घेणारं कुणी उरणार नाही.

हिल्डानं एकदा प्रयत्न केला होता. विनीता तिचे केस विंचरत होती.

“विनीता, त्या पेटीचं मला तुला...”

“नको ना, हिल्डाआई. राहू दे. नका काढू तो विषय,” विनीता घाईनं म्हणाली. तिला वाटलं, पुन्हा तोच घाव. मी कपाटावरून ओरडले असते, पण पत्र्याला कंठ नसतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मी तसं मागणार नाही. दुसऱ्याची वस्तू हातात घ्याल तेव्हा आधी तिच्या धन्याला विचारा, एवढंच मागते. आणि कुणी तुमच्यासमोर अडखळत काही सांगू लागलं, तर त्याला पुरं बोलू द्या. ऐकायला कितीही भीती वाटली तरी.

या वर्षी हिल्डा पडली. दुसऱ्यांदा पडली. विनीताच्यानं आता उचलवेना. शेवटी एड्रियन फोनवर “हो” म्हणाला आणि हिल्डाची एका नर्सिंग होममध्ये सोय झाली. विनीतानं कपडे भरले, फोटो भरला, आणि धुळीसकट मला एका पिशवीत ठेवलं.

“ते कशाला, आई?” सोळा वर्षांची अनुया म्हणाली. “ग्रॅनीला कळणार पण नाही, लाह.”

“तिला नाही कळलं तरी चालेल,” विनीता म्हणाली.

खोलीत खिडकीशी खुर्ची होती. हिल्डाला तिथे बसवलं. अनुया कोपी आणायला खाली गेली. तिथली मदतनीस मुलगी ओलं फडकं घेऊन आली आणि तिनं मला उचललं. “मॅम, पुसून ठेवते हां. किती धूळ!”

“नको!” विनीता इतक्या जोरात ओरडली की ती मुलगी दचकली. “पुसू नका. हात लावू नका तिला.”

मुलगी मला टेबलावर ठेवून निघून गेली. हिल्डानं मान वळवली. अनोळखी माणसांसाठी तिचं एक सभ्य हसू असे, ते तिनं विनीताला दिलं.

“तू इथे नवीन का गं?”

विनीता म्हणाली, “हो. नवीनच.”

“रंगपेटी पुसायची नसते, हे तुला कुणी सांगितलं?”

“सांगितलं होतं एकदा कुणीतरी.”

“माझ्या सुनेनं धुतली होती. ऊन पाण्यानं. वर पिवळं फूल ठेवलं आणि हात जोडले. माझ्या कामाला! साठ वर्षं टाळ्या घेतल्या मी. हात कुणी जोडले नव्हते.”

विनीतानं पलंगाची कड धरली. “मग तुम्ही रागावलात का तिच्यावर?”

“सगळ्यांसमोर. ती बिचारी वाढत राहिली.” हिल्डा खिडकीबाहेर पाहू लागली. “रोज येते ती. आज नाही आली. तिला मला एक सांगायचंय. पण ती समोर असली की लाज वाटते, आणि लाज गेली की काय सांगायचं ते आठवत नाही.”

“आत्ता आठवतंय?”

“आत्ता आठवतंय.”

“मग मला सांगा,” विनीता म्हणाली. ती खुर्चीजवळ खाली बसली. “मी मधे बोलणार नाही.”

हिल्डानं दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं विनीताचा हात ओढून जवळ घेतला आणि आवाज खाली आणला.

“मी आधीच विसरायला लागले होते गं. तिनं पेटी धुतली त्याच्याही वर्षभर आधी. झाकणाला चिठ्ठ्या लावून काम करत होते मी. तिचा काही दोष नव्हता. मी विसरते, असं मला कुणाला सांगवेना, म्हणून मी तिचं नाव घेतलं.”